माल खरा, बिल खरं, तरी जीएसटी क्रेडिट का अडकतं?

दुकानात माल आला, बिलावरचा जीएसटीही पुरवठादाराला दिला. तरी सरकारला कर भरताना ती रक्कम वजा होत नाही. अनेक छोटे व्यापारी या अडचणीत सापडतात. त्यामागचं मोठं कारण म्हणजे एकाच व्यवहाराच्या अनेक नोंदी, ज्या एकमेकींशी जुळत नाहीत.

नोंदी कुठे कुठे असतात?

विक्री बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये, खरेदी टॅलीत, माल गोदामाच्या रजिस्टरमध्ये आणि पैसे बँक स्टेटमेंटमध्ये. जीएसटी पोर्टलवर मात्र पुरवठादाराने भरलेली माहिती दिसते.

नियम काय सांगतो?

१ जानेवारी २०२२ पासून, बिल 'जीएसटीआर-२बी'मध्ये दिसलं तरच क्रेडिट मिळतं. दरमहा रिटर्न भरणारा पुरवठादार ११ तारखेपर्यंत विक्रीची माहिती देतो. १४ तारखेला २बी तयार होतं आणि २० तारखेपर्यंत कर भरायचा असतो. म्हणजे तपासणीला जेमतेम सहा दिवस.

समजा, १ लाखाच्या मालावर १८ टक्के जीएसटी आहे. पुरवठादाराने यादीतून चुकीचा ग्राहक निवडला, तर दुरुस्ती होईपर्यंत १८ हजार रुपये खरेदीदाराच्या खिशातून जातात. चूक एकाची, भुर्दंड दुसऱ्याला!

मोठ्या कंपन्या काय करतात?

विक्री, गोदाम आणि हिशेबाची सॉफ्टवेअर जोडून सगळा डेटा एका जागी आणतात. जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि कराची रक्कम यांवरून नोंदी जुळवतात. न जुळणाऱ्या बिलांची वेगळी यादी निघते. ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. त्यातली माहिती आपोआप जीएसटीआर-१मध्ये जाते.

मग सॉफ्टवेअर घेतलं की झालं?

नाही. एकीकडे बिल नंबर '००१' आणि दुसरीकडे 'आयएनव्ही/१' असेल, तर सॉफ्टवेअरही गोंधळू शकतं. ऑक्टोबर २०२४पासून पोर्टलवर बिल स्वीकारण्याची, नाकारण्याची किंवा प्रलंबित ठेवण्याची सोय आहे. काहीच केलं नाही, तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणजे अंतिम जबाबदारी व्यापाऱ्याचीच.

थोडक्यात काय?

महिनाअखेरीची वाट न बघता दर आठवड्याला खरेदीची बिलं पोर्टलशी ताडून पाहणं आणि चूक दिसताच पुरवठादाराला फोन करणं, हाच स्वस्त उपाय. कारण आर्थिक वर्ष संपल्यानंतर साधारणपणे ३० नोव्हेंबरपर्यंतच त्या वर्षाचं क्रेडिट घेता येतं. त्यानंतर अडकलेला पैसा बुडालाच.