घरचा ओलमापक आणि शेजाऱ्याची विहीर



कुंडी भंडाऱ्याची भुयारे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखाली अडविले आणि केवळ उताराच्या बळावर बऱ्हाणपुरात आणले. २०२४ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्याचे नाव गेले, ह्याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. आमच्या मनात मात्र त्यातली एक गोष्ट घोळत राहते. डोंगर देईल तेवढेच पाणी कुंडीत येते. अधिक ओढून घेण्याची सोयच तेथे नाही. आपल्या ट्यूबवेलला अशी मर्यादा नाही. बटण दाबले की पाणी, आणि ते केव्हा बंद व्हावयाचे हे ठरविते वीज, नाहीतर आपली झोप.

केळीला आज पाणी हवे की नको, हे आपण अंदाजाने ठरवितो. पाळीची वीज आली, चालू करा मोटार; उद्या मिळेल न मिळेल. ठिबक आले तरी ही सवय गेली नाही. जास्तीच्या पाण्याने मुळांना हवा मिळेनाशी होते, आणि ठिबकातून दिलेला युरिया मुळांच्या खाली निघून जातो. तोच पुढे नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये असे भारतीय मानक सांगते. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या मुलांना त्याचा धोका सर्वांत अधिक. पाणी उकळून तो जात नाही. उलट पाणी आटते व प्रमाण वाढते. शेती आणि आरोग्य ह्यांना आपल्या पत्रकात एकच पान का, असे कोणी विचारले तर हेच उत्तर.

शिवाय एका नाल्याकाठच्या दोन विहिरींचे पाणी खाली बहुधा एकच असते. एकाची मोटार रोज विनाकारण चार तास चालली, तर वैशाखात दुसऱ्याची विहीर आधी तळ गाठते. शेजाऱ्याचा बांध कोरणे ही चोरी, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातले पोरही सांगेल. त्याच्या विहिरीखालचे पाणी गरज नसताना उपसणे ह्याला काय म्हणावे, हे मात्र आपण कोणालाच शिकविलेले नाही, आणि त्यात आम्हीही आलोच.

म्हणून आमचे मत असे की प्रत्येक बागेत निदान एक ओलमापक असावा, आणि तो शक्यतो घरच्या मुलामुलींनी बनवावा. स्वस्त पडतो हे खरे; परंतु ज्याने वस्तू बनविली त्यालाच ती कोठे खोटे बोलते हे ठाऊक असते, हे कारण आम्हांस मोठे वाटते. हा धडा आम्ही स्वतः चुकून शिकलो. बाजारात दोन दात्यांचा काट्यासारखा स्वस्त ओलमापक मिळतो. तरुणांच्या हौसेला भुलून आम्ही त्याची शिफारस केली. एका कुटुंबाने तो बागेत रोवला. तीन आठवड्यांत तो रात्रंदिवस ‘कोरडे’ असेच सांगू लागला, आणि ते बिचारे मोटार चालवीत राहिले. काटा उपटून पाहिला तर दाते गंजून खाल्ले गेलेले. एकाच दिशेने सतत वीज वाहिली की ओल्या मातीत धातूचे असे होते. शाळेत शिकलेले आम्ही विसरलो होतो. त्या घरी जाऊन आम्ही क्षमा मागितली.

ह्याहून चांगली युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत बुयूकोस नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९४० साली ती प्रसिद्ध केली. गणपतीच्या मूर्तींना वापरतात ते प्लॅस्टर ऑफ पॅरिस कालवून लहानशा साच्यात ओतावे, त्यात न गंजणाऱ्या पोलादाचे दोन स्क्रू एकमेकांस न लागता उभे करावेत, प्रत्येकास वायर जोडावी. वाळलेला ठोकळा पाण्यात भिजवून मुळांच्या खोलीवर, वीतभर ते फूटभर, पुरावा. माती ओली तर ठोकळा ओला, मग वीज सहज जाते; माती वाळली की अडते. चारपाचशे रुपयांच्या ईएसपी ३२ ह्या इवल्याशा संगणक-पट्टीवर ही अडवणूक मोजता येते व आकडा मोबाईलवर दिसतो. मोजताना वीज दोन्ही दिशांनी आळीपाळीने, तीही तासातून काही क्षणच द्यावी.

ह्याचे दोषही सांगितले पाहिजेत. पुष्कळ ओल असताना ठोकळ्याला कमीजास्त कळत नाही. केळी तर ओलीतले पीक. म्हणून आकडा फार चढण्याची वाट न पाहता तो हलू लागताच पाणी द्यावे. काळ्या जमिनीला भेग पडली की मातीची साथ सुटते. प्लॅस्टरही हळूहळू विरघळते, तेव्हा वर्षा-दोन वर्षांनी ठोकळा बदलावा लागतो.

एक वडीलधारे आम्हांस म्हणाले, “फादर, माती मुठीत दाबली की मला कळते.” त्यांचे खरे आहे, आणि ठोकळा तपासावयाचा तो त्यांच्याच मुठीवर! पण वरची माती भेगाळलेली असताना फूटभर खाली चिखल असतो, आणि रोज फूटभर खणावयास त्यांच्याही कमरेत बळ उरलेले नाही.

हवेचे तापमान मोजण्याची आमच्या मुलांना भारी हौस. त्यांनी मापक सभागृहाच्या पश्चिमेच्या भिंतीवर लावला आणि वैशाखात असा आकडा आणला की सारे घाबरले. ते तापमान भिंतीचे होते. मापक सावलीत, हवा खेळती ठेवून, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर हवा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा एकावर एक पालथ्या बसविल्या तरी चालते. बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवितो का, हे आधी पाहावे. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात केळीचा हवामान विमा ठरतो तो नेमलेल्या केंद्राच्या नोंदीवर. घरच्या मापकाचा आकडा तेथे कोणी धरणार नाही. ह्या भ्रमात कोणी राहू नये. थंडीच्या रात्री आपल्या बागेत पारा कुठवर उतरला आणि चरका कितपत बसला, हे मात्र आपल्या वहीत राहील.

असली कामे पाद्रीबुवांची नव्हेत, असे म्हणणाऱ्यांसाठी एवढेच: हवामानाची नोंद आपोआप करणारे यंत्र १८६७ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडणारे आंजेलो सेक्की येशूसंघीय धर्मगुरू होते, आणि त्याच वर्षी कलकत्त्यास येणाऱ्या चक्रीवादळाची आगाऊ सूचना देणारे फादर लाफोंही.

येत्या रविवारी मिस्सेनंतर सभागृहात ठोकळे ओतले जातील. प्लॅस्टर आम्ही आणू. स्क्रू आणि वायर आपण आणावी, व आपल्या बागेतली फूटभर खालची माती डबाभर, झाकण लावून आणावी. ती आधी वजन करू, वाळवू आणि पुन्हा वजन करू. त्यातून ओल किती होती ते कळेल. नाल्याकाठच्या दोन्ही घरांनी मिळून आल्यास उत्तम. वही एकच ठेवू.