बंद स्क्रीनमध्ये काय दिसते?

दिवाळी उलटून हवेत गारवा आला, की घरातील ज्येष्ठ मंडळी सकाळी अंगणात, गच्चीत, निदान बाल्कनीत तरी येऊन बसतात. पूर्वी हातात वर्तमानपत्र असे. आता पुष्कळांसमोर लॅपटॉप असतो. बँकेचे व्यवहार, आवडीचे कीर्तन, परदेशी असलेल्या नातवंडांशी गप्पा, हे सारे मोकळ्या हवेत बसून करावेसे वाटते. आणि मग तक्रार सुरू होते : ‘काही दिसत नाही.’ घरातील कोणीतरी येऊन स्क्रीनचा उजेड वाढवून देते, तरीही दिसत नाही. ‘आता यांना हे जमत नाही,’ असा निष्कर्ष अशा वेळी फार लवकर काढला जातो, आणि दुर्दैवाने ज्येष्ठ स्वतःही तो मान्य करून टाकतात. लॅपटॉप मिटतो, आठवड्यातून एकदा होणारी समोरासमोरची भेट दोन मिनिटांच्या फोनवर येते.

वास्तविक दोष बहुधा बुद्धीचा नसतो आणि यंत्राचाही नसतो. खुर्ची चुकीच्या जागी असते, किंवा डोळ्यांत मोतीबिंदू वाढत असतो. यांतले काय आहे, हे घरच्या घरी बरेचसे ओळखता येते.

प्रथम खुर्चीचा विचार करू. घरात दिव्याच्या उजेडात साधारणपणे काहीशे लक्स एवढा प्रकाश असतो. भर दुपारच्या उन्हात तो सुमारे १ लाख लक्सपर्यंत जातो. गुळगुळीत काच समोरून येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फेकते. हे प्रमाण क्षुल्लक वाटेल; परंतु पाठीमागे उन्हात न्हालेली चुन्याची पांढरी भिंत असेल, तर तिचे ते ४ टक्केदेखील सामान्य लॅपटॉपच्या स्वतःच्या उजेडाहून कितीतरी अधिक भरतात. तेथे उजेडाची कळ कितीही वाढवली, तरी भिंतच जिंकणार. म्हणून उजेड वाढवण्याआधी पाठीमागचे दृश्य बदलावे.

त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. लॅपटॉप बंद ठेवून उघडावा आणि ज्येष्ठ जेथे बसतात, त्याच खुर्चीवर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून त्या काळ्या स्क्रीनकडे पाहावे. तो आता आरसा झालेला असतो. त्यात जे जे उजळ दिसेल, मग ते आकाश असो, वाळत घातलेले धोतर असो की शेजारच्या छपराचा पत्रा असो, ते प्रत्येक अक्षरावर येऊन बसणार आहे. खुर्ची थोडी थोडी फिरवत जावे. ज्या जागी काळ्या स्क्रीनमध्ये सावलीतली भिंत, दाट झाड किंवा घराचे अंधारे दार दिसेल, ती जागा योग्य. काळजी घेणाऱ्याने ही परीक्षा उभ्याने करू नये. उंची बदलली की प्रतिबिंबही बदलते.

या परीक्षेत दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली म्हणजे अंगातला पांढरा सदरा. स्क्रीनमध्ये सर्वांत मोठे प्रतिबिंब आपल्या छातीचेच असते. गडद रंगाचा स्वेटर किंवा शाल घेतली, तरी अक्षरे ठळक होतात. दुसरी म्हणजे मागे कललेली स्क्रीन. लॅपटॉप मांडीवर किंवा बुटक्या टेबलावर असला, की तो नीट दिसावा म्हणून आपण स्क्रीन मागे रेलवतो, आणि मग तिच्यात थेट आकाश उतरते. लॅपटॉपखाली पाट किंवा दोन जाड पुस्तके ठेवावीत, म्हणजे स्क्रीन जवळजवळ उभी ठेवता येते. मात्र दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह भिंगांचा चष्मा असणाऱ्यांना उंच स्क्रीन वाचण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि मान दुखू लागते. रोज तासभर लॅपटॉप वापरणाऱ्यांनी त्या अंतरासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्यावा. हा खर्च वायफळ नव्हे.

मांडीवर लॅपटॉप ठेवण्याबद्दल जाता जाता एवढेच सांगतो, की मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्यांनी ते टाळावे. त्याची ऊब त्वचेला इजा करते आणि ती लवकर कळतही नाही.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे डोळ्यांना सुखावह, असे हल्ली सगळीकडे सांगितले जाते. घरात, रात्री ते पुष्कळांना मानवतेही. उघड्यावर मात्र काळ्या पार्श्वभूमीत प्रतिबिंबे अधिकच उठून दिसतात. तेथे पांढऱ्यावर काळी अक्षरे, तीही मोठी, ठेवावीत. चमक मारणारी मॅट फिल्म बाजारात मिळते. सावलीत तिचा उपयोग होतो. थेट ऊन पडले, तर तीच सगळी स्क्रीन दुधाळ करून टाकते. पोलराइज्ड गॉगल रस्त्यावरच्या चकाकीसाठी उत्तम, पण त्यातून पाहताना मान थोडी कलली, तरी अनेक लॅपटॉपची स्क्रीन काळवंडते आणि यंत्र बिघडले असे वाटते. गॉगलपेक्षा पुढे झाप असलेली टोपी बरी.

हे सारे करूनही त्रास उरला, तर डोळ्यांकडे वळावे. वयानुसार डोळ्यातील भिंग गढूळ होत जाते आणि आत येणारा प्रकाश सरळ न जाता विखुरतो. त्यामुळे त्याच खुर्चीवर बसून सुनेला किंवा नातवाला स्क्रीन नीट वाचता येते आणि आजोबांना येत नाही. मोतीबिंदूचा एक प्रकार भिंगाच्या मागच्या बाजूला, मधोमध होतो. उन्हात बाहुली आकसते आणि प्रकाशाला नेमक्या त्या गढूळ भागातूनच जावे लागते. म्हणून ही माणसे घरात, मंद उजेडात बऱ्यापैकी वाचतात आणि बाहेर आली की अडखळतात. जवळचे वाचन आधी बिघडते. मधुमेही आणि दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो. घरच्यांना ही कुरकुर लहरी वाटते, ‘सकाळी तर पेपर वाचत होते’ असेही म्हटले जाते. ती लहर नव्हे. नेत्रतज्ज्ञांना भेटल्यावर ‘कमी दिसते’ एवढेच न सांगता ‘घरात दिसते, उन्हात दिसत नाही’ असे नेमके सांगावे. तपासणीची दिशा त्याने बदलते. डोळा लाल होऊन दुखू लागला, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसू लागली, मळमळ होऊ लागली, तर मात्र भेटीची वेळ ठरवत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. काचबिंदूचा तीव्र झटका असा येतो.

कोवळ्या उन्हात बसण्याची सवय चांगली आहे; ती मोडू नये. फक्त ऊन आणि लॅपटॉप यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. ऊन घेऊन झाले की सावलीत सरकावे. बहुतेक लॅपटॉप सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेले असतात, आणि थेट उन्हात धातूचे झाकण त्याहून कितीतरी अधिक तापते. बॅटरीला ते सोसत नाही.

व्हिडिओ कॉलसाठी सावलीतल्या भिंतीला पाठ करून मोकळ्या बाजूकडे तोंड करून बसावे. चेहऱ्यावर उजेड येतो आणि पलीकडच्यांना आजी काळ्या सावलीसारख्या दिसत नाहीत. समोरचे आकाश डोळ्यांना खुपत असेल, तर कठड्यावर एखादी गडद चादर टाकावी. ही जागा एकदा ठरली, की खुर्चीच्या पायांशी खडूने खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे घरात कोणी नसतानाही ज्येष्ठांना आपले आपण बसता येते. ज्यांची मुले कॅलिफोर्नियात आहेत, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तेथील घड्याळे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात, म्हणजे आपल्याकडे साडेसातला येणारा कॉल साडेआठला येऊ लागतो. तेवढ्या अवधीत पूर्वेकडच्या बाल्कनीतले ऊन बरेच सरकलेले असते. त्या आठवड्यात बंद स्क्रीनची परीक्षा पुन्हा करावी आणि खडूच्या खुणा नव्याने काढाव्यात.