पुनरारंभाचे धैर्य

कलावंतांच्या चरित्रांत धीराचा उल्लेख बहुधा उमेदवारीच्या वर्षांपुरता येतो. नावलौकिक झाला की धीराचे कार्य संपले, असे चरित्रकार गृहीत धरतात. हे गृहीतक तपासून पाहावयास हवे.

हरिप्रसाद चौरसिया (जन्म १९३८) हे १९५७ मध्ये आकाशवाणीच्या कटक केंद्रावर रुजू झाले. पुढे मुंबईत चित्रपटसंगीतात त्यांचा जम बसला. तरीही त्यांनी अन्नपूर्णादेवींचे शिष्यत्व मागितले. देवी सूरबहारवादक, बासरीचे तंत्र तेथे मिळणारे नव्हते. मिळणार होती ती रागाची शिस्त, आणि तीही पूर्वीचे सारे विसरण्याच्या बोलीवर. चौरसियांनी बासरी धरण्याची बाजूच पालटली. उजवीकडची डावीकडे नेली. सरावलेली बोटे पुन्हा अडाणी झाली.

तेव्हा धीर म्हणजे फळाची वाट पाहणे नव्हे. हाती आलेले फळ बाजूस ठेवून पाटी पुसण्याची तयारी होय. आपल्या चरित्रवाङ्मयात मैफली आणि मानसन्मान सविस्तर येतात. बोटे अडखळण्याचा काळ मात्र दोन ओळींत आटोपतो. साधनेचा खरा इतिहास त्या दोन ओळींत दडलेला असतो. त्याचा विस्तार करणे हे चरित्रकाराचे, आणि तो मागणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.