कोळसा लाव्हारसातून आलेला नाही

मा. संपादक,

'वरची माती खरवडली की कोळसा' हा गेल्या अंकातील लेखाचा सूर वस्तुस्थितीला धरून नाही.

चंद्रपूरचा कोळसा, लेखात म्हटले तसा, दख्खनच्या लाव्हारसाची देणगी नव्हे. तो गोंडवाना समूहातील बराकर खडकांत सापडतो. वय २५ कोटी वर्षांहून अधिक. लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

खुल्या खाणीत आधी काळी माती, मग वालुकाश्म हटवावा लागतो. भोके पाडून सुरुंग उडवायचे, शॉवेलने दगड डंपरमध्ये भरायचा, तेव्हा कुठे थर उघडा पडतो. टनभर कोळशामागे किती घनमीटर दगडमाती निघते, यावरच खाणीच्या खर्चाचे बरेचसे गणित ठरते.

लेखात खाणीतील आगीचे खापर निव्वळ हलगर्जीपणावर फोडणेही चूक. उघडा कोळसा हवेतील ऑक्सिजन शोषून आपोआप तापतो. लेखातील धुळीची तक्रार तेवढी रास्त.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, चंद्रपूर