कॅमेरा स्वस्त झाला, उमेदवारी महागच राहिली

इ.स. १९१२ च्या फेब्रुवारीत धुंडिराज गोविंद फाळके चलच्चित्राची विद्या शिकण्यासाठी लंडनला निघाले, ते आयुर्विम्याच्या पॉलिसीवर काढलेल्या कर्जाच्या बळावर. त्या महानगरात त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना या खटाटोपातून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला; मात्र पाहुण्याची चिकाटी पाहिल्यावर त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी वॉल्टन येथील आपला स्टुडिओ या अनोळखी हिंदी माणसाला हातचे न राखता दाखविला. कॅमेरा घेऊन फाळके परतले खरे, परंतु भांडवलदारापुढे ठेवायचे काय, हा प्रश्न उरलाच. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्या वाढीचे नित्य थोडेथोडे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ पाहून पैसा देणाऱ्याचा विश्वास बसला, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

ही कथा महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते ती फाळक्यांच्या जिद्दीचा गौरव म्हणून, आणि तो गौरव यथार्थच आहे. तथापि तिची दुसरी बाजू सहसा कोणी पाहत नाही. फाळक्यांपाशी जे. जे. कलाशाळेचे आणि बडोद्याच्या कलाभवनाचे शिक्षण होते, छायाचित्रणाचा व मुद्रणाचा अनुभव होता, इंग्रजीत संवाद साधण्याइतकी भाषा होती आणि गहाण टाकण्यासाठी का होईना, विम्याची पॉलिसी होती. इतके सारे असूनही त्यांना शिकविणारा भेटला तो साता समुद्रांपलीकडे, आणि पैसा मिळाला तो आधी काही करून दाखविल्यानंतर. मग ज्याच्यापाशी गहाण टाकायलाही काही नाही, अशा पारध्याच्या वा वडाराच्या मुलाने, ऊसतोड कामगाराच्या मुलीने, मेळघाटातील कोरकू तरुणाने चलच्चित्राच्या माध्यमात यायचे ठरविले, तर त्याची वाट कोणती?

कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, हे यावर हमखास मिळणारे उत्तर आहे. ते अर्धसत्य आहे. भ्रमणध्वनीवर दृश्य टिपता येते. परंतु वाऱ्याचा आवाज वगळून माणसाचे बोलणे स्वच्छ ध्वनिमुद्रित करणारा मायक्रोफोन वेगळा घ्यावा लागतो. चित्रित केलेले साहित्य साठवायला हार्ड डिस्क लागतात, त्याही दोन प्रतींसाठी. कारण एक बिघडली की दोन वर्षांचे श्रम मातीमोल होतात. संकलनाला सक्षम संगणक लागतो आणि त्यापुढे बसणारा जाणकार लागतो. महोत्सवांची प्रवेशशुल्के आणि इंग्रजी उपशीर्षके यांचा खर्च निराळाच. या सर्वांपेक्षा महाग गोष्ट आहे ती वेळ. एका तासाच्या माहितीपटासाठी कित्येक दिवस नुसते लोकांच्या ओसरीवर बसावे लागते, तेव्हा कोठे माणसे कॅमेरा विसरून बोलू लागतात. रोजंदारीवर घर चालविणाऱ्याने हे दिवस आणायचे कोठून? नोकरदाराच्या मुलाला चार वर्षे उमेदवारी करता येते, कारण त्याच्या जेवणाची चिंता दुसरे कोणी वाहत असते. भूमिहीनाच्या मुलीची चार दिवसांची गैरहजेरीही चुलीपर्यंत पोहोचते.

या क्षेत्रात शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने कित्येक दशके माहितीपटांना आश्रय दिला. २०२२ साली ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. २००० साली स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टने प्रसार भारतीच्या सहकार्याने शेकडो माहितीपट करवून घेतले आणि त्यांत अनेक नवोदितांना पहिली संधी मिळाली. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात १९६० पासून उभी असलेली फिल्म इन्स्टिट्यूट २०१७ पासून आपल्या भिंतींबाहेर पडून गावोगावी अल्पकालीन अभ्यासक्रम घेऊ लागली, ही तर विशेष स्वागतार्ह घटना. २०२१ पासून गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात देशभरातून निवडक तरुणांना बोलावून मान्यवरांचे मार्गदर्शन दिले जाते. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवामुळे पहिल्या वर्षी ही संख्या ७५ होती, २०२४ साली ती १०० झाली. त्यांना गट करून ठरावीक तासांत लघुपट पुरा करण्याचे आव्हानही दिले जाते.

हे उपक्रम चांगले आहेत आणि चालू राहावेत. पण त्यांत निवड होण्यासाठी उमेदवाराला आपले आधीचे काम दाखवावे लागते, म्हणजे फाळक्यांचा वाटाणा ज्याने स्वखर्चाने उगवून दाखविला आहे त्यालाच दार उघडते. दहा दिवसांच्या शिबिराने डोळे उघडतात हे खरे. मात्र शिबिर संपल्यावर कॅमेरा ज्याचा त्याला परत जातो आणि मुलगा पुन्हा त्याच वस्तीत, त्याच बेकारीत. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर राहते.

याहून वेगळा मार्ग या देशात पूर्वीच चोखाळला गेला आहे. १९८४ साली अहमदाबादेत इलाबेन भट यांच्या ‘सेवा’ संस्थेत अमेरिकेच्या मार्था स्टुअर्ट यांनी तीन आठवड्यांची व्हिडिओ कार्यशाळा घेतली. शिकायला वीसएक स्त्रिया होत्या. कोणी संस्थेच्या कार्यकर्त्या, तर कोणी भाजी विकणाऱ्या, ज्यांना अक्षरओळखही नव्हती. कार्यशाळा संपली, परंतु यंत्रे परत गेली नाहीत आणि काम थांबले नाही. हे या प्रयोगाचे मर्म. माणेक चौकात टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांना पोलीस आणि पालिका कशा हुसकावतात, याची चित्रफीत याच स्त्रियांनी केली आणि ती अधिकाऱ्यांपुढे दाखविली. निवेदनाचा कागद टेबलावर पडून राहू शकतो. आपल्याच चौकातील दृश्य पाहताना अधिकाऱ्याला मान फिरविता येत नाही. पुढे या व्हिडिओ पथकाची स्त्रियांच्या मालकीची सहकारी मंडळी झाली. सहकाराचे माहेर म्हणविणाऱ्या महाराष्ट्राने या एका गोष्टीचा तरी हेवा करावा.

तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूर गावी तर याहूनही विलक्षण घडले. दूरदर्शनमधील नोकरी सोडून तेथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचे काम उभारणारे पी. व्ही. सतीश (त्यांचे निधन मार्च २०२३ मध्ये झाले) यांनी दलित शेतमजूर स्त्रियांच्या हाती कॅमेरा दिला. त्यांना इंग्रजी संज्ञा पाठ करायला लावल्या नाहीत. त्यामुळे त्यांनी स्वतःच्या संज्ञा घडविल्या. कॅमेरा वरून खाली पाहतो तो ‘पटेल शॉट’, कारण गावचा जमीनदार उंचावर बसून असाच पाहतो. खालून वर पाहतो तो ‘गुलाम शॉट’. आणि डोळ्याला डोळा भिडवून समोरासमोर पाहतो तो ‘संघम शॉट’, कारण बचतगटाच्या बैठकीत, म्हणजे संघममध्ये, सगळ्या एकाच सतरंजीवर बसतात. चित्रपटशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत ही तीन दृश्ये अनेक पानांत समजाविलेली असतात. पण दृष्टीच्या कोनात दडलेली उच्चनीचता इतक्या थोड्या शब्दांत फार थोड्यांनी पकडली असेल. वारंगळच्या कापूस उत्पादकांच्या व्यथेवर या स्त्रियांनी केलेला माहितीपट परदेशांतही दाखविला गेला. सामाजिक समरसतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी पस्तापूरचा हा पारिभाषिक कोश एकदा वाचावा.

अहमदाबाद आणि पस्तापूर या दोन्ही ठिकाणी प्रशिक्षण आणि पैसा ही दोन खाती वेगळी नव्हती. यंत्र संस्थेचे, वेळेचा मोबदला संस्थेचा, विषय मात्र करणाऱ्याचा. पहिली चित्रफीत फसली तरी दुसरी करण्याची मुभा होती. गोव्यातून काम करणाऱ्या ‘व्हिडिओ व्हॉलंटिअर्स’ या संस्थेने २०१० मध्ये गावोगावच्या वार्ताहरांचे जाळे विणायला आरंभ केला, तेव्हा त्यांनाही चित्रफितींचे मानधन ठरविले आणि प्रश्न सुटला की त्याचीही चित्रफीत करायला लावली. अशा संस्थांच्या सगळ्याच भूमिका पटाव्यात असे नाही. त्यांची कार्यपद्धती मात्र डोळसपणे उचलण्याजोगी आहे.

दुसऱ्याने आपले चित्र काढणे आणि आपण ते काढणे यांत किती अंतर असते, याचा दाखला ताजा आहे. बुंदेलखंडात २००२ साली सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’ या पत्राच्या ग्रामीण, बहुतांशी दलित महिला वार्ताहर पुढे व्हिडिओ वार्तांकनाकडे वळल्या. त्यांच्यावरील ‘रायटिंग विथ फायर’ हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. परंतु मार्च २०२२ मध्ये त्या महिलांनीच निवेदन काढून सांगितले की, चित्रपट प्रभावी असला तरी त्यात आपल्या कामाचे एकांगी चित्र आले आहे. एकाच पक्षाच्या वार्तांकनावर दिलेला भर वास्तवाला धरून नाही. जगाने टाळ्या वाजविल्या असताना असे म्हणायला धैर्य लागते. ज्यांच्या स्वतःच्या हाती कॅमेरा आहे त्यांच्याबाबत हे घडते, तर ज्यांच्या हाती तो नाही अशा शेकडो जमातींचे काय काय रूप पडद्यावर ठरविले जात असेल!

महाराष्ट्राकडे गुणवत्ता नाही असे कोण म्हणेल? करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) महाविद्यालयातील अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तयार झाला आणि राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीत शिकता येईल असा अभ्यासक्रम जवळ असणे किती मोलाचे, हे त्यावरून कळते. असे अभ्यासक्रम किती जिल्ह्यांत आहेत, हा प्रश्न मात्र विद्यापीठांनी स्वतःला विचारावा.

कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चित्रकथी जपली. एकामागून एक चित्र उचलायचे, वाद्याच्या साथीत रामायण-महाभारतातील प्रसंग सांगायचा. चित्र, ध्वनी आणि कथन यांचा हा मेळ चलच्चित्राहून कितीतरी जुना आहे. सावंतवाडीच्या संस्थानिकांनी या कलेला आश्रय दिला होता. तो राजाश्रय सरला, कलावंतांची परवड झाली, आणि तरीही ज्यांनी ती टिकविली त्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या घराण्यांतील पुढच्या पिढीने चित्रकथीची रीत व्हिडिओत आणायची ठरविली, तर तिला अर्ज करावा लागेल तो बहुधा इंग्रजीत. अर्जात ‘कलाविषयक भूमिका’ लिहावी लागेल, ‘लक्ष्य प्रेक्षकवर्ग’ सांगावा लागेल, सात मिनिटांत परीक्षकांपुढे आपली कल्पना इंग्रजीतच मांडावी लागेल. ही परीक्षा दृश्यकलेची आहे की वक्तृत्वाची? बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सने कोणत्याही भारतीय भाषेतील प्रस्ताव स्वीकारण्याची पद्धत ठेवली आहे. खासगी देणग्यांवर चालणाऱ्या एका संस्थेला जे जमते, ते शासकीय विभागांना जमू नये यास कारण नाही. लिहिता न येणाऱ्याला आपला प्रस्ताव भ्रमणध्वनीवर बोलून, चित्रित करूनही पाठविता यावा. व्हिडिओच्या अर्जाला व्हिडिओ चालत नाही, हा विनोद आता पुरे झाला.

पैसा कोठून यावा? सगळा भार सरकारवर टाकण्याची सवय जुनी आहे आणि ती घातकही आहे. अनुदानाची फाईल अडली की कलावंत अडतो, आणि अनुदान देणाऱ्याची मर्जी राखता राखता विषयही बदलतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. त्या कायद्याच्या परिशिष्टात शिक्षण आणि रोजगारक्षम कौशल्ये आहेत, तसेच राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतनही आहे. कारखान्याच्या पंचक्रोशीतील पाच तरुणांना वर्षभर दरमहा निर्वाहवेतन आणि एक सामायिक संकलनकक्ष, एवढा खर्च मोठ्या उद्योगाच्या हिशेबात दिसणारही नाही. नागरी सहकारी बँका, देवस्थाने, शिक्षणसंस्था यांनाही एकेका तालुक्याची जबाबदारी घेता येईल. अट एकच असावी: निर्वाहवेतन किमान वर्षाचे हवे, आणि पहिला लघुपट कसा झाला यावर दुसऱ्या सहामाहीचे पैसे अडवू नयेत. सुताराच्या हाताखालच्या पोराने पहिली खुर्ची वाकडी केली म्हणून कोणी त्याची हत्यारे काढून घेत नाही.

उरतो प्रश्न प्रेक्षकांचा. महोत्सवाला निवड झाली नाही की हे लघुपट करणाऱ्याच्याच संगणकात पडून राहतात; ज्या गावात चित्रण झाले तेथल्यांनीही ते पाहिलेले नसतात. गणेशोत्सवात मंडळांपाशी दहा दिवस मंडप असतो, पडदा असतो, ध्वनिक्षेपक तर गरजेपेक्षा जास्तच असतात, आणि समोर आयता जनसमुदाय असतो. लोकमान्यांच्या काळी याच मंडपांतून मेळे आणि व्याख्याने होत. प्रत्येक मंडळाने एक संध्याकाळ आपल्या तालुक्यातील नवोदिताच्या चित्रफितीला दिली, तिला रीतसर मानधन दिले आणि खेळ संपल्यावर करणारा मुलगा वा मुलगी तेथेच उभी राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागली, तर येत्या भाद्रपदापासूनच आरंभ करता येईल. त्यासाठी कोणत्याही मंत्रालयाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.