स्पॅनिश शिकून करायचे काय?

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी पुढच्या शिक्षणाचा खल सुरू होतो. अशा वेळी कन्येने ‘मी स्पॅनिश घेते’ म्हटले, की वडील चष्मा पुसू लागतात आणि आजी विचारते, “अगबाई, ते लोक आपले कोण लागतात?”

आजीबाईंना सांगावे, की आपल्या सोलापुरी शेंगाचटणीतला भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला आणि मिरची मेक्सिकोकडची. स्पेन-पोर्तुगालच्या गलबतांतून ती जगभर पसरली. पहिल्या तारखेचा आपला लाडका ‘पगार’ही पोर्तुगीजांनीच दिला, स्पॅनिशमध्येही ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे!

भाषाही मराठी जिभेला जड नाही. बव्हंशी लिहिले तसे वाचावे. नामांना लिंग आहे, आणि ‘तू’ म्हणावे की ‘आपण’, हा विवेक तिथेही आहे.

मात्र नुसती क्रियापदे घोकून पदवी मिळवण्यात हशील नाही. ही भाषा वीसएक देशांची. त्यांचा इतिहास, शेती, सणवार, गाणी समजून घेतली तरच ती अंगी लागते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले आणि १९२०नंतरच्या दशकात मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवीत. मक्यावर त्यांनी संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकीशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. त्या शेतकऱ्यांची भाषा आली नसती, तर हे घडते का? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीसही १९३८ साली चीनला गेले, ते चिनी शिकूनच तिथले झाले.

आता व्यवहाराचे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये स्पॅनिशचे वर्ग चालतात. हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठात पदवीपर्यंत शिकता येते. दोन्ही गावे आपल्याच रेल्वेमार्गावर. पुढे भाषांतर, अध्यापन, निर्यात-व्यापार अशा वाटा आहेत. पण त्या आपोआप उघडत नाहीत. चार-पाच वर्षे नेटाने अभ्यास करावा लागतो, घरापासून दूर राहावे लागते आणि खर्चही होतो.

म्हणून आईवडिलांनो, ‘नोकरी मिळेल का?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी, ‘तुला त्या माणसांविषयी काय जाणून घ्यायचे आहे?’ एवढे विचारून पाहा. मुलगी तासभर बोलत राहिली, तर अर्ज भरायला हरकत नाही.