बुरशीच्या पेशीतील पत्ता

श्रावणात वसतिगृहातील मुलांच्या पेट्या उघडल्या की गावाकडून आलेल्या धपाट्यांवर हिरवट बुरशी हमखास सापडते. गेल्या वर्षी ती फेकून देण्याच्या गडबडीत आठवीतील एका मुलीने विचारले, "सर, बुरशी आपल्यापेक्षा खालच्या पायरीवरची ना?" मी इतिहासाचा शिक्षक आणि प्रश्न विज्ञानाचा. तरीही 'पायरी' हा शब्द मला खटकला. त्या निमित्ताने जे वाचनात आले, त्यातील थोडे येथे मांडतो.

पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. कारखाना म्हटला की यंत्रे डोळ्यांसमोर येतात; पण पेनिसिलिन घडवते ती पेनिसिलियम नावाची बुरशी, आणि तिचे हे काम चालते पेशीच्या आत. त्याचे प्रमुख टप्पे तीन. पहिल्या दोन टप्प्यांची विकरे पेशीद्रवात काम करतात. तिसऱ्याचे विकर मात्र पेरॉक्सिझोम नावाच्या, पटलाने वेढलेल्या इवल्याशा कप्प्यात असते. विकर हे प्रथिनच; ते तयार होते कप्प्याबाहेर. मग ते नेमके आत पोहोचते कसे? त्याच्या शेपटाकडील तीन अमिनो आम्ले म्हणजे त्याचा पत्ता होय. एक वाहक प्रथिन तो पत्ता ओळखते आणि विकराला कप्प्यात नेऊन सोडते. 1990 नंतरच्या काळात संशोधकांनी हा पत्ता काढून पाहिला. विकर तयार झाले, परीक्षानळीत ते कामही करू शकत होते. परंतु बुरशीने पेनिसिलिन दिले नाही. माल सिद्ध होता, तो योग्य जागी पोहोचला नाही, एवढेच.

माझ्यासारख्या इतिहासाच्या माणसाला खरा धक्का बसला तो पुढे. काजव्याच्या प्रकाशामागील विकराच्या टोकालाही असाच तीन आम्लांचा पत्ता असतो. ते विकर यीस्टच्या, वनस्पतींच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातले, तेव्हा तेथेही ते पेरॉक्सिझोममध्येच जाऊन पोहोचले. मृगाच्या सुमारास बांधावर चमकणारा काजवा, धपाट्यावरची बुरशी आणि आपण स्वतः, या सर्वांच्या पेशी एकच लिपी वाचतात. दूरदूरच्या लेण्यांत एकाच वळणाची ब्राह्मी अक्षरे आढळली तर आपण त्यांचे मूळ एक मानतो; येथेही तसेच मानावे लागते. हा समान पूर्वज अब्जाहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

बुरशीने हे सारे नव्याने घडवले नाही. पेनिसिलिनच्या पहिल्या दोन विकरांची जनुके कधीकाळी जिवाणूंकडून बुरशीत आली असावीत, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तिसरे मात्र बुरशीच्या स्वतःच्या घरातील दिसते. उसनवार आणि घरचे यांची सांगड जुन्याच कप्प्यात, जुन्याच पत्त्याच्या आधारे घातली गेली. आपल्या तेरचे त्रिविक्रम मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चटकन उमजेल. त्याची मागची गोलाकार बाजू पाहून हेन्री कझिन्स यांनी ते मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे मांडले. भिंती त्याच, उपयोग नवा. आणि जुना आराखडा मात्र वाचता येतो. पेशीही अशीच वाचावी लागते.

आता त्या मुलीच्या पायरीकडे वळू. पेशीतील मालवाहतुकीला दिशा देणारी रॅब नावाची प्रथिने माणसात साठाहून अधिक प्रकारची आहेत, तर यीस्टमध्ये अवघी 11. म्हणजे यीस्ट मागासलेले, असा निष्कर्ष कोणीही घाईने काढील. परंतु आपल्या दोघांच्या प्राचीन पूर्वजात ती यीस्टपेक्षा जास्त होती, असे अभ्यासातून दिसते. यीस्टने अनावश्यक तेवढी टाकली आणि ते उत्तम जगत आहे. उत्क्रांतीत वरची-खालची पायरी नसते. श्रेणीबद्ध मांडणी आपण निसर्गावर लादतो, आणि ती सवय आपल्याला कोठून लागली हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

म्हणूनच 2023 साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा मला ती केवळ अभ्यासक्रमाची काटछाट वाटली नाही. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्राद्वारे विरोध नोंदवला, तो रास्तच होता. आपल्या राज्याच्या दहावीच्या पुस्तकात हा विषय पहिल्याच पाठात आला. पण पुस्तकात असणे आणि वर्गात शिकवला जाणे यांत अंतर आहे. जूनमध्ये प्रवेशाच्या धांदलीत तो पाठ दोन तासांत उरकला जातो, 'माणूस माकडापासून झाला का' या हशात संपतो, आणि मुले व्याख्या पाठ करून मोकळी होतात. यात दोष आम्हा शिक्षकांचा आहे. माकडापासून सुरुवात करण्यापेक्षा बुरशीपासून करावी, असे माझे मत आहे. तिच्याविषयी कोणाचा अहंकार दुखावत नाही आणि पुरावा पेटीतच सापडतो.

विज्ञानाच्या बाईंशी बोलून यंदा या पाठासाठी सहा तास राखले आहेत. त्यांतील एक मी घेणार आहे, तेरचा नकाशा घेऊन. प्रयोगशाळेत दोन सूक्ष्मदर्शक आहेत, त्यांपैकी एकाचे भिंग निकामी आहे. आपले जे माजी विद्यार्थी औषधनिर्मितीच्या किंवा प्रयोगशाळेच्या कामात आहेत, त्यांनी जुलैतील एखादा शनिवार आम्हाला द्यावा. बुरशीची सोय मुले करतील.